गाडी तिची, वेळ माझी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझी ड्यूटी ८ला सुरू होते, पण खरं तर पावणेआठलाच पोचायला हवं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं त्याच्याही आधीपासून बाकावर बसलेली असतात. त्याच हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये माझी मैत्रीण आहे. ती आमच्या घराजवळच राहते आणि तिच्याकडे कार आहे. वर्षभरापूर्वी ती आपणहून म्हणाली, "कशाला बसचे हाल काढतेस? मी जातेच आहे, चल माझ्याबरोबर." बसने मला मध्ये एक बस बदलून सव्वा तास लागतो, कारने पंचवीस मिनिटं. मी आनंदाने हो म्हटलं.

सुरुवातीला ठीक चाललं. आता ७.१०ची वेळ ठरलेली असताना ती कधी ७.२०ला येते, कधी ७.३५ला. मधूनच एखाद्या दिवशी चक्क वेळेवर! तेच जास्त वाईट, कारण त्या आशेवर मी रोज ७.१०ला गेटपाशी उभी. फोन केला की "निघालेच गं", आणि मागे हेअर ड्रायरचा आवाज. मग उशीर भरून काढायला ती गाडी अशी पळवते की मी वरचं हँडल सोडत नाही. तिला काहीच होत नाही. त्यांच्याकडे नऊपर्यंत आलं तरी चालतं, माझ्या नावापुढे मात्र लेटमार्क लागतो.

संध्याकाळी माझी ड्यूटी ४.३०ला संपते, तिची ५ला. मधला अर्धा तास मी थांबते, ते ठरलेलंच आहे. पण पाचचे साडेपाच होतात, कधी पावणेसहा. "एवढं एक व्हाउचर संपवते," असं म्हणत ती पुन्हा खुर्चीत बसते. माझी मुलगी पाळणाघरात असते आणि ते ६ला बंद होतं. तिथल्या काकू हल्ली माझ्याशी धड बोलत नाहीत.

पेट्रोलचे पैसे ती घेत नाही. एकदा देऊ केले तर रुसली. आणि मुलीला मध्यरात्री ताप चढला तेव्हा हीच मैत्रीण दहा मिनिटांत गाडी घेऊन दारात हजर झाली होती. अशा माणसाला काय बोलायचं? बोलले तर कृतघ्न ठरते, गप्प राहिले तर नोकरीत नाव खराब होतं. सुपरवायझरनी परवा विचारलंच, "रोज काय नवीन कारण?" नवरा म्हणतो, गाडी शिकून घे. ते होईल तेव्हा होईल. आज काय करू?
(नाव छापू नये.)

उत्तर : नाव छापलेलं नाही. पण तुमची मैत्रीण हे सदर वाचत असेल तर दुसऱ्या परिच्छेदातच स्वतःला ओळखेल. तेव्हा हा अंक तिच्या हाती पडायच्या आत तुम्हीच बोललात तर बरं. काय बोलायचं ते पुढे सांगते. आधी एक हिशेब करू, कारण पत्रात तुम्ही सगळे आकडे दिलेत, पण ते एकमेकांशेजारी मांडून पाहिलेले दिसत नाहीत.

संध्याकाळ घ्या. तुम्ही ४.३०ला मोकळ्या होता. त्याच मिनिटाला बसची वाट धरली तर सव्वा तासाने, म्हणजे ५.४५ला, तुम्ही पाळणाघरापाशी. मैत्रिणीसाठी थांबलात आणि ती ५ला निघाली तर ५.२५. साडेपाचला निघाली तर ५.५५, म्हणजे धापा टाकत. पावणेसहाला निघाली तर ६.१०, म्हणजे काकूंचा चढलेला चेहरा. थोडक्यात, ती ५.२०नंतर कधीही निघाली तर बस तुम्हाला तिच्या गाडीपेक्षा लवकर घरी पोचवते. 'कारने पंचवीस मिनिटं' हा आकडा तुमच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की त्याच्या आधीचा तासभर तुम्ही प्रवासात धरतच नाही. रिसेप्शनच्या सोफ्यावर मांडीवर पर्स घेऊन बसलेला वेळ हासुद्धा प्रवासच आहे.

तेव्हा संध्याकाळचं उत्तर सोपं आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ४.३०ला बस. मैत्रिणीला एवढंच सांगायचं, "मुलीला वेळेवर घ्यायचं असतं, म्हणून संध्याकाळी मी लगेच निघत जाईन. तू तुझं काम सावकाश कर." यात तक्रार नाही, टोमणा नाही, आणि तिच्याही डोक्यावरचं एक ओझं उतरतं. तुम्ही खाली बसला आहात हे तिला ठाऊक असतं, आणि व्हाउचरवर तिचंही लक्ष त्यामुळे धड लागत नसणार. बसही कधी उशिरा येईल, मधली बस एखाद्या दिवशी चुकेल. पण बसवर रुसावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

सकाळ अवघड आहे. तिथे आकडे तुमच्या विरुद्ध जातात. पावणेआठला पोचायचं तर बसने ६.३०ला निघायला हवं. तुम्ही मैत्रिणीची वाट बघायला गेटवर उभ्या राहता ७.१०ला. म्हणजे तुम्ही तिची वाट बघायला सुरुवात करता तेव्हा तुमचा दुसरा पर्याय केव्हाच निघून गेलेला असतो. तुमची हतबलता इथून येते, मैत्रिणीच्या स्वभावातून नाही. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाने हे तपासून पाहावं. 'आता ही येत नाही' असं कळण्याचा क्षण आणि 'आता दुसरं काही करता येईल' हा क्षण, यांतला आधी कोणता? दुसरा आधी संपत असेल तर ती व्यवस्था नव्हे, तो रोजचा जुगार आहे.

मी एका मोठ्या कार्यालयात आस्थापना विभागात होते. निवृत्त होईपर्यंत मस्टर माझ्याच टेबलावर असायचं. उशिरा येणाऱ्यांची कारणं ऐकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. त्यावरून सांगते, उशीर करणारी माणसं आळशी असतातच असं नाही आणि त्यांना घड्याळ कळत नाही असंही नाही. ऑफिसात रोज वीस मिनिटं उशिरा येणारा माणूस गावी जायची गाडी कधी चुकवत नाही. ज्या उशिराची किंमत स्वतःला मोजावी लागते तो उशीर होत नाही. ज्याची किंमत दुसरं कोणी मोजतं तो होतो, आणि करणाऱ्याला तो दिसतही नाही.

तुमचीच मैत्रीण बघा. ताप चढला त्या रात्री दहा मिनिटांत आली. म्हणजे वेळेवर येणं तिला जमतं. तुमची सकाळ ही तातडीची गोष्ट आहे हे तिच्या मनात कधी उतरलेलंच नाही, कारण तिच्या स्वतःच्या सकाळीत तातडी नाही. तुम्ही दोघी एकाच इमारतीत कामाला जाता, म्हणून दोघींना एकाच वेळेला पोचायचं आहे असं दोघींनीही धरून चाललात. तसं ते नाही. ती ८.२०ला पोचली तरी तिची कालची व्हाउचर्स तशीच टेबलावर पडलेली असतात, त्यांना भूक लागत नाही. तुमच्या बाकावरच्या माणसाला लागते. उपाशीपोटीच्या साखरेच्या तपासणीला किमान आठ तास पोटात काही नसावं लागतं. रात्री ९ला जेवून सकाळी ७.३०ला बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे साडेदहा तास तिथेच झालेले असतात. त्यातून तो मधुमेहाचा असला आणि तुम्ही ८.१०ला आलात तर त्याला घेरी यायची भीती. आणि पहिला नमुना उशिरा घेतला की जेवणानंतर दोन तासांनी द्यायचा दुसराही तेवढाच पुढे जातो, म्हणजे त्या माणसाचा अर्धा दिवस गेला. मैत्रिणीला 'मला उशीर होतो' एवढंच ठाऊक आहे. हे ठाऊक आहे का? मला शंका आहे. अकाउंट्सच्या माणसाने सकाळी ८ची लॅब पाहिलेली नसते.

तरीही, हे सगळं सांगितल्यावर ती बदलेल असं धरून चालू नका. आठवडाभर बदलेल, मग पुन्हा ड्रायर. म्हणून सकाळसाठी माझा सल्ला असा. सोबत शोधताना गाडी कोणाकडे आहे हे आधी बघू नका, ८ला पोचणं कोणाला भाग आहे हे बघा. हॉस्पिटलमध्ये अशी माणसं पुष्कळ. वॉर्डातल्या सिस्टर घ्या. त्या येऊन चार्ज घेईपर्यंत रात्रपाळीच्या सिस्टरला हलता येत नाही. म्हणजे त्यांच्या उशिराला तिथल्या तिथे बोलणारं माणूस समोर उभं असतं. अशा बाई वेळेवर निघतात, त्यांना निघावंच लागतं. एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, रिसेप्शनची पहिली पाळी, सगळीकडे विचारा. तुमच्या वाटेवरून येणारं कोणीतरी निघेल. दाराशी गाडी येणार नाही, कदाचित दहा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावर उभं राहावं लागेल. चाला. आणि असं कोणी सापडेपर्यंत निदान ज्या दिवशी पहिल्या कलेक्शनला तुमची नेमणूक असेल त्या दिवशी ६.३०ची बस. लवकर उठणं कोणाला आवडतं? पण उभं राहून कुढण्यापेक्षा बसून डुलकी काढत जाणं सोसवतं.

हे मी उगाच म्हणत नाही. डेव्हिड माइस्टर या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेत ताटकळणाऱ्यांवर एक लेख लिहिला, तो आजही सेवाक्षेत्रात वाचला जातो. किती वेळ थांबायचं आहे हे ठाऊक नसलं की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो, कारण कळलं नाही की आणखी लांब, आणि मनात धाकधूक असली की त्याहून लांब, असं त्याचं निरीक्षण आहे. तुमच्या गेटवर तिन्ही एकत्र आहेत. म्हणून पंचवीस मिनिटं थांबून तुम्ही दिवसभराच्या थकून जाता, आणि सव्वा तास बसने येणारी बाई हसत लॅब उघडते.

आता बोलायचं कसं. गाडीत बोलू नका. ती चालवत असते, तुम्ही तिच्या शेजारी अडकलेल्या असता, आणि त्या क्षणी उशीर झालेला असल्यामुळे तुमचा आवाज आपोआप चढतो. मेसेजवरही नको. सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी जा किंवा जेवणाच्या सुट्टीत बसा, आणि आभारापासून सुरुवात न करता सरळ मुद्द्यावर या. आभारांनी सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'पण' येणार हे समोरच्याला लगेच कळतं. असं म्हणता येईल : "सकाळी मला पावणेआठला आत असावं लागतं, नाहीतर पेशंट उपाशी ताटकळतात आणि मला लेटमार्क लागतो. तुझं घरचं आवरून तुला तेवढ्या लवकर निघणं रोज जमत नाही, हे मला दिसतं. म्हणून सकाळी मी माझी सोय करते आहे. माझी उशिराची पाळी असेल तेव्हा तुझ्याबरोबर येईन." बस, एवढंच. 'तू नेहमी', 'तू कधीच' हे शब्द त्यात नाहीत, ते घालूही नका. ती म्हणेल, "अगं, उद्यापासून वेळेवर येते ना." तेव्हा हसा, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आपल्या आपण जा. महिनाभर ती खरंच ७ला खाली उतरते आहे असं दिसलं, तर पुन्हा विचार करायला कोणी अडवलेलं नाही.

पुष्कळ जण एक युक्ती सांगतात. ७.१०ला निघायचं असलं तर तिला ७च सांगायचं. ही मला पसंत नाही. चार दिवस चालते, मग वेळेत दहा मिनिटं दडवलेली आहेत हे तिला कळतं आणि ती दहा मिनिटं तिची होऊन बसतात. शिवाय आता तुम्ही दोघीही खोटं बोलत असता.

आणखी एक युक्ती म्हणजे उशिराला दंड. गमतीत का होईना, 'उशीर झाला तर तू इतके द्यायचे' असं मैत्रिणी ठरवतात. तुमचा पाळणाघराशी संबंध आहे म्हणून हा किस्सा मुद्दाम सांगते. इस्राएलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. मग त्यातल्या सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दर मुलामागे १० शेकेल दंड लावला. झालं असं की उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी ताटकळणाऱ्या शिक्षिकेची भीड वाटायची. आता पैसे भरले की भीड संपली, जास्तीचा वेळ विकतच घेतला. पुढे दंड बंद केला तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही, ही त्यातली माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट. तुमच्या मैत्रिणीच्या मनात तुमच्याबद्दल जी भीड शिल्लक आहे, ती दंड लावून खर्चून टाकू नका.

पेट्रोलचं मात्र वेगळं आहे. ते पैसे तुम्ही द्यायलाच हवेत, वक्तशीरपणा विकत घ्यायला नव्हे, तर तुमची मान ताठ राहावी म्हणून. फुकट बसलं की बोलायचा हक्क नाही असं वाटतं, आणि तिलाही कुठेतरी वाटतंच की आपण उपकार करतो आहोत, थांबेल थोडी. ती हातात पैसे घेत नाही ना? मग पंपावर ती खिडकीची काच खाली करायच्या आत तुम्ही पैसे भरून मोकळ्या व्हा. इथून पुढे जितके दिवस तिच्याबरोबर जाल, तितक्याच्या खर्चाचा अर्धा वाटा. अर्ध्याहून जास्त देऊ नका. खर्च वाटून घेणं निराळं आणि भाडं घेणं निराळं. खासगी गाडीत भाडं घेतलं तर विम्याच्या अटी आड येऊ शकतात.

वेगाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. लेटमार्क पुसता येतो. अंतर बारा किलोमीटर धरा. ताशी ४० च्या सरासरीने १८ मिनिटं, ६० च्या सरासरीने १२. कागदावर सहा मिनिटं वाचली, आणि सकाळच्या गर्दीत ती सरासरी निघतच नाही, पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा शेजारीशेजारी उभे. पण वेग दीडपट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं. सहा मिनिटांच्या बदल्यात हा सौदा कोणी करू नये. यासाठी सुट्टीची वाट बघू नका. पुढच्या वेळी गाडीत बसल्या बसल्याच सांगा, "उशीर झालाच आहे, होऊ दे. सावकाश चालव." नाही ऐकलं तर त्या गाडीत बसणं बंद. इथे भीड धरू नका, उपकारही आठवू नका.

सुपरवायझरना कारण सांगत बसू नका. मी सांगते तुम्हाला, मस्टरच्या टेबलामागे बसणाऱ्याला कारणात रस नसतो, त्याला उद्या काय होणार हे हवं असतं. "सोमवारपासून माझी येण्याची व्यवस्था बदलली आहे," एवढं बोला आणि पहिले पंधरा दिवस पावणेआठच्याही आधी पोचा. मैत्रिणीचं नाव त्यात आणू नका. ती त्याच हॉस्पिटलात आहे आणि अशा गोष्टी लिफ्टमधून वर-खाली फिरतात. पाळणाघराच्या काकूंना मात्र कारण सांगा. त्यांनी ऐकून घ्यायचं बंद केलं असेल, तरी सांगा.

नवऱ्याचं म्हणणं चूक नाही, क्लास लावून टाका. पण गाडी शिकणं वेगळं, सकाळच्या गर्दीत एकटीने चालवणं वेगळं आणि घरात तुमच्या वेळेला मोकळी गाडी असणं आणखी वेगळं. सल्ला देताना यजमानांनी त्यातलं तिसरं धरलं आहे का, तेही विचारून घ्या.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या बाजूची. ऑफिसला जाताना दोन सहकाऱ्यांना गाडीतून नेते आणि रोज त्यांना ताटकळत ठेवते. मुद्दाम नाही हो. घर ते ऑफिस वीस मिनिटं हे मला पाठ आहे, त्या हिशेबाने उठते, तरी रोज उशीर. घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवलं, त्याचाही उपयोग नाही. त्यांचे चेहरे बघवत नाहीत.
(एक वाचक)

उत्तर : वीस मिनिटं हा रस्त्याचा वेळ झाला. किल्ली शोधणं, गॅस बंद केला का ते परत जाऊन बघणं, लिफ्ट, पार्किंगमधून गाडी काढणं, हे सगळं कोण धरणार? तुमच्या डोक्यात जो आकडा आहे तो बहुधा एखाद्या मोकळ्या सकाळचा आहे, सगळे सिग्नल हिरवे मिळालेल्या दिवसाचा.

यात तुम्ही एकट्या नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच दाखवून दिलं होतं की माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतात, आणि आधीचे अनुभव समोर असूनही धरतात. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५हून थोडे जास्त. स्वतः सांगितलेल्या मुदतीत पुरा करणारे एक तृतीयांशही नव्हते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या कामाची आहे. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणसं इतकी आशावादी नसतात. म्हणून निघायची वेळ तुम्ही ठरवूच नका. त्या दोघांना ठरवू द्या. तुम्ही किती वाजता खाली उतरता हे ते इतके महिने खाली उभे राहून बघत आले आहेत, तुमच्यापेक्षा त्यांना ते जास्त नीट ठाऊक आहे.

घड्याळ पुढे करणं फोल आहे, कारण ते पुढे केलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी पायात चपला घातल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो, ते फोनवर एकदा मोजून बघा. आकडा पाहून दचकाल. आणि वेळेला एखादी कृती बांधून टाका : ७ वाजले की हातातलं काय असेल ते खाली ठेवून किल्ली उचलायची. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम याच विषयावर आहे, 'अमुक झालं की तमुक करायचं' असा नेमका बेत नुसत्या 'लवकर निघेन'पेक्षा जास्त वेळा पार पडतो. 'जाता जाता एवढं करून टाकू' ही तुमच्यासारख्यांची खरी वैरीण. ती एक गोष्ट उद्यापासून संध्याकाळी करा.

उशीर होणार असं कळलं की कळल्या क्षणी कळवा, ठरलेली वेळ उलटून गेल्यावर नव्हे. आणि हे फक्त ऑफिसचं नसेल, बिलं भरणं, डॉक्टरांची वेळ, तिकीट काढलेला प्रवास, सगळीकडे लहानपणापासून असंच होत असेल, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. अवधान टिकवण्याची अडचण असलेल्या मोठ्या माणसांनाही वेळेचा अंदाज बांधणं खरोखर जड जातं. त्यावर उपचार आहेत. स्वतःला रोज दूषणं देत बसायची गरज नाही.

प्रश्न : माझ्या कारमधून दोघे सहकारी येतात. एक जण खाली तयार उभा असतो, दुसऱ्यासाठी आम्ही दोघे त्याच्या इमारतीखाली रोज ताटकळतो. हॉर्न वाजवला तर शेजारी वरून बघतात. सोडून गेलो तर वाईट दिसेल का?

उत्तर : हॉर्न वाजवू नका, शेजाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? त्याच्या इमारतीखाली जाणंही बंद करा. माणसाच्या दारात गाडी उभी राहिली की गाडी आलीच आहे म्हणून तो निवांत होतो. मोठ्या रस्त्यावरची एक जागा ठरवा, जिथे गाडी फार वेळ उभी करता येत नाही अशी. घरातून निघून त्याला तिथे यावं लागेल आणि तुम्हालाही 'थांबता येत नाही' हे खरंखुरं कारण मिळेल. सोमवारपासून ठरलेल्या वेळेनंतर तीन मिनिटं थांबून निघणार, हे शुक्रवारी दोघांच्या देखत सांगा. वेळेवर खाली उभ्या असणाऱ्या गृहस्थांनाही विचारा. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना चालतं आहे असं नव्हे, गाडी तुमची म्हणून ते बोलत नसतील.

मग सोमवारी निघा. वाईट दिसेल, एक दिवस दिसू द्या. पुढच्या सिग्नलपर्यंत त्याचा फोन येईल. गाडी चालवताना फोन घ्यायचा नसतो, तेव्हा तो घेऊ नका.